टी-पेशींना नवी ओळख

रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात, मग रक्ताच्याच कर्करोगाशी का लढत नाहीत? वर्गात एखादा मुलगा हा प्रश्न हमखास विचारतो. कर्कपेशी परक्या नसतात, त्या आपल्याच पेशींपासून झालेल्या असतात. म्हणून टी-पेशींना त्या सहसा ओळखता येत नाहीत. ही ओळख बाहेरून देण्याचा मार्ग इस्राएलच्या झेलिग एशर यांनी १९८९ साली दाखवला. प्रतिपिंडाचे ओळखणारे टोक त्यांनी टी-पेशीच्या ग्राहीला जोडले. अशा संकरित ग्राहीला आज 'कार' म्हणतात.

रुग्णाच्या टी-पेशी काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांत ग्राहीचे जनुक घालायचे, त्या वाढवायच्या आणि शिरेतून परत द्यायच्या. बी-पेशींच्या कर्करोगात हा ग्राही सीडी-१९ हे प्रथिन शोधतो. (ते निरोगी बी-पेशींवरही असते, त्यामुळे त्याही मारल्या जातात.)

अमेरिकेत २०१७ मध्ये मान्य झालेले किमराया व येसकार्टा हे दोन्ही उपचार सीडी-१९ च शोधतात. फरक आहे तो ग्राहीच्या आतल्या भागात. नुसत्या ओळखीवर टी-पेशी नीट कामाला लागत नाही, तिला दुसरा इशारा लागतो. येसकार्टात तो सीडी-२८ देते; पेशी झपाट्याने वाढतात, पण लवकर थकतात. किमरायात फोर-वन-बीबी देते; पेशी सावकाश वाढतात, पण अधिक काळ टिकतात. म्हणजे वेग हवा की टिकाऊपणा, असा हा प्रश्न आहे.

सावकाश म्हणजे सौम्य, असे मात्र समजू नये. २०१२ साली फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या लहान मुलीला फोर-वन-बीबीच्याच पेशी दिल्या होत्या. तिला प्रचंड ताप आला, कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले. लढणाऱ्या पेशींमुळे रक्तात इंटरल्यूकिन-६ बेसुमार वाढले होते. ते रोखणारे औषध हाताशी होते, पण संधिवाताचे! त्याने ती वाचली आणि कर्करोगही गेला.

किमरायाची सुरुवातीची किंमत होती ४,७५,००० डॉलर. मुंबईच्या आयआयटी व टाटा स्मारक केंद्राच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यातही इशारा फोर-वन-बीबीचाच आहे. खर्च सुमारे ४० लाख रुपये. आपल्या घरांना हेही परवडणारे नाही, पण अंतर बरेच कमी झाले.

शिवाय प्रत्येक रुग्णासाठी पेशी नव्याने घडवाव्या लागतात, तोवर रोग थांबत नाही. म्हणून ह्यूस्टनमध्ये दुसऱ्याच्या नाळेच्या रक्तातील एनके-पेशी वापरून पाहिल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ११ पैकी ८ रुग्णांना गुण आला आणि तापाचे ते वादळ उठले नाही. मात्र काहींना पुढे इतर उपचारही दिले गेले, त्यामुळे गुण किती काळ टिकतो हे त्या चाचणीवरून ठरवता येत नाही.