नकाशा आणि हवाई छायाचित्र : भूगोलाच्या वर्गातील दोन साधने

मागच्या व्याख्यानात आपण अक्षांश-रेखांश पाहिले. आज नकाशांचे प्रकार आणि हवाई छायाचित्रं यांविषयी बोलायचं आहे. शिक्षकांसाठी तर हा विषय आहेच, पण ज्यांच्याकडे घर, शेत, सातबारा आहे त्या सगळ्यांचाच तो आहे. का ते पुढे येईलच.

नकाशा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परीक्षेतला कोरा आराखडा येतो. नद्या दाखवा, शहरं दाखवा, सहा गुण. त्यामुळे नकाशा भरायचा असतो हे मुलांना कळतं, पण तो वाचायचा असतो हे राहून जातं. वाचायचा म्हणजे काय? तीन प्रश्न विचारायचे. हा कोणत्या प्रमाणाचा आहे? कशासाठी काढलाय? आणि यात काय गाळलं आहे?

पहिला प्रश्न प्रमाणाचा. इथे एक घोळ कायम होतो. बृहत्प्रमाण नकाशा म्हणजे मोठ्या प्रदेशाचा नकाशा, असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. बृहत्प्रमाण नकाशात जागा थोडी आणि तपशील जास्त. आपला गाव नकाशा या प्रकारचा. त्यात गट नंबर दिसतात, बांध दिसतात, पांदण दिसते. जुने मोजणीदार ३३ फुटांच्या शंकू साखळीने जमीन मोजत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. गणिताच्या तासाला पाठ केलेला गुंठा हा असा जमिनीवर उतरतो.

याच्या दुसऱ्या टोकाला नकाशासंग्रहातले आणि भिंतीवरचे लघुप्रमाण नकाशे. त्यात सगळं सोलापूर एका टिंबात मावतं. आणि या दोघांच्या मधे आहे स्थलदर्शक नकाशा, आपण त्याला टोपोशीट म्हणतो. भारतीय सर्वेक्षण विभाग, म्हणजे १७६७ साली सुरू झालेलं सर्व्हे ऑफ इंडिया, हे नकाशे तयार करतं. १:५०,००० हे त्यांचं नेहमीचं प्रमाण. कागदावरचे २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर.

टोपोशीटचा क्रमांक वाचायला शिकवा, मुलांना तो कोड्यासारखा आवडतो. ४ अंश लांब आणि ४ अंश रुंद अशा चौकोनाला एक अंक असतो. आपला अंक ४७. म्हणजे १६ ते २० अंश उत्तर आणि ७२ ते ७६ अंश पूर्व. त्याचे १६ भाग करून त्यांना इंग्रजी अक्षरं दिली आहेत. त्या प्रत्येकाचे पुन्हा १६ भाग, त्यांना अंक. वरून खाली मोजत गेलो की सोलापूर शहर येतं ४७ ओ/१४ मधे. पंढरपूरही ४७ ओ मधेच, फक्त पश्चिमेकडच्या दुसऱ्या शीटवर. आता गंमत बघा. ७६ अंशांचं रेखावृत्त शहराच्या पूर्वेला थोड्याच अंतरावरून जातं. त्यामुळे अक्कलकोट आणि तुळजापूर थेट ५६ क्रमांकाच्या शीटवर. बसने तासाभराचं अंतर, आणि क्रमांकात ४७ नंतर एकदम ५६. मुलं विचारतात, मधले अंक कुठे गेले? ते ४७ च्या खाली दक्षिणेकडे उतरतात आणि मग पूर्वेला पुढची रांग नव्याने वरून सुरू होते. हे मुलांनाच शोधू द्यावं.

दुसरा प्रश्न, कशासाठी? पर्वत-नद्यांचा तो प्राकृतिक, सीमांचा तो राजकीय, आणि एकाच विषयाचा तो विषयात्मक. विषयात्मक नकाशाच्या तीन पद्धती पाठ्यपुस्तकात आहेत : टिंब, क्षेत्रघनी आणि समघनी. आपल्या जिल्ह्यातला ऊस घ्या. क्षेत्रघनी पद्धतीत एका तालुक्याला एकच छटा मिळते. पाहणाऱ्याला वाटतं, तालुकाभर सारखाच ऊस आहे. टिंबं दिली की तोच ऊस भीमेच्या काठाने आणि कालव्यांच्या कडेने गोळा झालेला दिसतो, आणि मधली कोरडी गावं रिकामी राहतात. आकडे दोन्हीकडे खरेच. पण दुसऱ्या नकाशातून पाण्याचा प्रश्न कळतो, पहिल्यातून तो झाकला जातो. पावसाला मात्र समघनी पद्धतच योग्य, कारण पाऊस तालुक्याची हद्द पाहून पडत नाही.

आता हवाई छायाचित्राकडे येऊ. १८५८ साली नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने फुग्यात बसून पॅरिसजवळ पहिलं हवाई छायाचित्र घेतलं. भारतात १९२० साली आग्रा शहराची अशी छायाचित्रं घेतली गेली. कॅमेऱ्याच्या कलानुसार याचे दोन मुख्य प्रकार : ऊर्ध्व आणि तिरपं. ऊर्ध्व म्हणजे कॅमेरा सरळ खाली रोखलेला. तिरप्यात पुन्हा दोन. क्षितिज दिसत असेल तर जास्त तिरपं, दिसत नसेल तर कमी तिरपं.

वर्गात सुरुवात तिरप्यापासून करावी, असं आमचं मत आहे. देवळाच्या शिखरावरून किंवा टेकडीवरून दिसतं तसंच ते दिसतं, त्यामुळे मुलं लगेच ओळखतात. मग ऊर्ध्व छायाचित्र द्यावं आणि नकाशा त्यानंतर. आपण बहुतेकदा याच्या नेमकं उलट करतो.

ऊर्ध्व छायाचित्राचं प्रमाण काढणं सोपं आहे. कॅमेऱ्याचं नाभीय अंतर भागिले जमिनीपासूनची उंची. १५ सेंटीमीटरचं भिंग आणि ३,००० मीटर उंची असेल, तर प्रमाण १:२०,०००. पण हे सपाट जमिनीपुरतं. उंच जागा कॅमेऱ्याला जवळ, म्हणून ती मोठी दिसते. शिवाय छायाचित्राच्या कडेला गिरणीचं धुराडं असेल तर ते मध्यबिंदूपासून बाहेर कललेलं दिसतं. म्हणून छायाचित्रावर पट्टी ठेवून मोजलेलं अंतर जसंच्या तसं खरं धरू नये. नकाशात प्रत्येक जागा जणू बरोबर डोक्यावरून पाहिलेली असते, छायाचित्रात सगळं एकाच डोळ्याने पाहिलेलं असतं.

मग खोली कशी कळते? विमान जाताना लागोपाठच्या दोन छायाचित्रांत साधारण ६० टक्के भाग सामाईक ठेवतात. ती जोडी स्टिरिओस्कोपखाली धरली की डाव्या डोळ्याला एक, उजव्याला दुसरं, आणि टेकड्या कागदातून वर येतात. आणखी एक सूचना. छायाचित्र धरताना सावल्या आपल्याकडे पडतील असं धरावं. उलट धरलं तर दरी टेकडीसारखी भासते. हे मुद्दाम करून दाखवा, मुलं विसरणार नाहीत.

छायाचित्रावर नावं नसतात. ओळखायचं कशावरून? आकार, आकारमान, छटा, पोत, सावली, मांडणी आणि सान्निध्य. साखर कारखाना ओळखायला सान्निध्य उपयोगी पडतं : लांब शेड, धुराड्याची सावली, बगॅसचा ढीग, आणि फाटकापर्यंत लागलेली उसाच्या गाड्यांची रांग. एकेक खूण वेगळी पाहिली तर काहीच ठरत नाही. पंढरपूरचं चित्र पाहा. भीमा तिथे चंद्रकोरीसारखी वळते आणि चंद्रभागा होते. वाळवंटात उभ्या असलेल्या वारकऱ्याला ती कोर दिसत नाही, वरून एका नजरेत दिसते. मात्र त्या पाण्याला चंद्रभागा म्हणतात, हे छायाचित्र सांगणार नाही. नाव सांगायला नकाशा लागतो, नाहीतर वारकरी.

१९८८ साली आयआरएस-१ए हा उपग्रह गेला आणि दूरसंवेदनात आपली स्वतःची चित्रं मिळू लागली. आज इस्रोचं भुवन संकेतस्थळ शाळेतल्या संगणकावर उघडतं. एक प्रयोग सुचवतो. उजनी धरणापूर्वीची टोपोशीट आणि आजची प्रतिमा शेजारी ठेवा. शीटवर गावं, विहिरी, रस्ते. प्रतिमेत तिथे पाणी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते अनेकांनी पाहिलं असेल. त्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली कुटुंबं आज दुसरीकडे राहतात. अशा घरातल्या मुलीला आजीचं गाव जुन्या शीटवर सापडलं, तर तिला भूगोल वेगळा शिकवावा लागत नाही.

आता तिसरा प्रश्न, काय गाळलं आहे? आपल्याकडचं याचं मोठं उदाहरण म्हणजे माळढोक अभयारण्य. १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र जाहीर झालं. पक्ष्याला माळरान हवं असतं. पण आखलेल्या हद्दीत नांगरलेली शेतं होती, वस्त्या होत्या, गावं होती. लोकांचे जमिनीचे व्यवहार अडकले आणि पक्ष्याबद्दलच राग तयार झाला. पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. लघुप्रमाण नकाशावर एका मिलिमीटरची रेघ जमिनीवर अख्खं गाव झाकू शकते. ज्याचं शेत त्या रेघेखाली येतं, त्याला ती वाचता आली पाहिजे.

आणि हे थांबलेलं नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची छायाचित्रं घेऊन घरांच्या हद्दी ठरवल्या जात आहेत, मालमत्ता पत्रकं दिली जात आहेत. ड्रोनला भिंत दिसते, छप्पर दिसतं. पण दोन भावांत वाटणी कुठे झाली, सामाईक बोळ कोणाचा, हे त्याला दिसत नाही. म्हणून उडवण्याआधी जमिनीवर चुन्याने हद्दी आखून घेतात. त्या वेळी घरातलं कोणी हजर नसेल, तर रेघ दुसऱ्याच्या सांगण्यावरून पडते.

तेव्हा शिक्षकांना विनंती एवढीच. या महिन्यात आपल्या गावाचा गाव नकाशा, त्या भागाची टोपोशीट आणि भुवनवरची प्रतिमा, तिन्ही वर्गात एकत्र आणा. एकच ओढा तिन्हींत शोधायला लावा. कुठे तो सापडणार नाही, कुठे सरळ झालेला दिसेल, कुठे त्यावर बांधकाम असेल. मग मुलांना घेऊन त्या ओढ्यापर्यंत चालत जा. पुढच्या व्याख्यानात समोच्च रेषांवरून उतार कसा काढायचा ते पाहू.