कोलेस्टेरॉल सुधारलं, मग हार्ट अटॅक का कमी झाले नाहीत? लाखो महिलांच्या गोळीवर शंका घेणाऱ्या डॉक्टरची गोष्ट

रक्ताचा रिपोर्ट मोबाईलवर आला की आपण सगळ्यात आधी काय बघतो? कुठला आकडा लाल रंगात आहे ते! एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल वाढलं की पोटात गोळा येतो, आणि ते खाली आलं की जीव भांड्यात पडतो. पण समजा, एखाद्या गोळीने एलडीएल खाली आणलं, 'चांगलं' एचडीएल वाढवलं आणि तरीही हार्ट अटॅक कमी झाले नाहीत तर?

अमेरिकेत हे खरोखर घडलंय. ती गोळी होती इस्ट्रोजेन या हार्मोनची.

पाळी सुरू असेपर्यंत बायकांना हार्ट अटॅकचा धोका त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा कमी असतो. पाळी जाते, शरीरातलं इस्ट्रोजेन घटतं, एलडीएल वाढू लागतं आणि पुढच्या काही वर्षांत धोकाही वाढतो. मग डॉक्टरांनी सरळ हिशोब मांडला: जे कमी झालंय ते बाहेरून द्या. गोळी तर तयारच होती. 'प्रेमारिन' नावाचं औषध 1942 पासून अमेरिकेत मिळत होतं. ते गाभण घोडीच्या मूत्रापासून बनवतात, आणि त्याचं नावही त्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून तयार केलंय. 1966 मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरने 'फेमिनिन फॉरएव्हर' हे पुस्तक लिहिलं आणि ही गोळी म्हणजे कायमचं तारुण्य अशी हवा झाली. पुढे नर्सेसच्या एका मोठ्या पाहणीत दिसलं, की हार्मोन घेणाऱ्या बायकांमध्ये हृदयरोग जवळपास निम्मा आहे. गंमत म्हणजे 1985 मध्ये ज्या वैद्यकीय नियतकालिकाच्या अंकात ही पाहणी आली, त्याच अंकात फ्रॅमिंगहॅम गावच्या अभ्यासाचा नेमका उलटा निष्कर्षही छापून आला होता. लक्षात राहिली ती पहिलीच.

या सगळ्यात एक बाई मात्र सावध होत्या. डॉ. एलिझाबेथ बॅरेट-कॉनर.

त्या मूळच्या संसर्गजन्य रोगांच्या डॉक्टर. 1970 मध्ये त्या सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आल्या आणि 1972 मध्ये शेजारच्या रँचो बर्नार्डो या वसाहतीत त्यांनी एक अभ्यास सुरू केला. तिथल्या सहा हजारांहून जास्त लोकांचं रक्त, रक्तदाब, साखर, सवयी अशी सगळी नोंद घ्यायची आणि मग वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा करायचा. कंटाळवाणं काम वाटतं ना? पण मधुमेह झाला की बाईला हृदयाच्या बाबतीत असलेली नैसर्गिक सवलत बरीचशी संपते, हे पुढे आणण्यात याच वसाहतीतल्या नोंदींचा मोठा वाटा आहे.

हार्मोनच्या गोळ्यांबद्दल त्यांची शंका साधी होती: या गोळ्या घेतं कोण? घेणाऱ्या बायका बहुधा शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी, वजन आटोक्यात असलेल्या, व्यायाम करणाऱ्या आणि वेळेवर डॉक्टरकडे जाणाऱ्या. त्यांना हृदयरोग कमी होणारच! महागडे बूट घालून रोज पहाटे फिरायला जाणारे लोक तंदुरुस्त असतात, म्हणून बुटांनीच हृदय सुधारतं असं म्हणण्यासारखं हे झालं. 1991 मध्ये त्यांनी हा मुद्दा लेखातून स्पष्ट मांडला. हार्मोनचा उपयोग होतच नाही असं त्यांचं म्हणणं नव्हतं. 'आधी नीट चाचणी करा' एवढंच त्या सांगत होत्या.

नीट चाचणी म्हणजे काय? कुणाला खरी गोळी आणि कुणाला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं. मग श्रीमंत-गरीब, व्यायाम करणाऱ्या-न करणाऱ्या अशा बायका दोन्ही गटांत सारख्याच विखुरतात.

पहिली अशी मोठी चाचणी 875 महिलांवर झाली, तिच्या प्रमुख संशोधकांत बॅरेट-कॉनरही होत्या. 1995 मध्ये निकाल आला: एलडीएल खाली, एचडीएल वर. सगळे खूश. पण हे झाले रक्तातले आकडे. हार्ट अटॅकचं काय?

त्याचं उत्तर 1998 मध्ये मिळालं. आधीच हृदयरोग असलेल्या 2,763 महिलांवर चार वर्षं चाचणी झाली. हार्मोन घेणाऱ्या गटात एलडीएल 11 टक्क्यांनी आणखी कमी आणि एचडीएल 10 टक्क्यांनी जास्त होतं. अटॅक किंवा हृदयरोगाने मृत्यू किती? हार्मोनच्या गटात 172, साध्या गोळीच्या गटात 176. म्हणजे फरक नाहीच. उलट पहिल्या वर्षी हार्मोनच्या गटातच जास्त महिलांना त्रास झाला. पाय आणि फुप्फुसांतल्या रक्ताच्या गुठळ्या? 34 विरुद्ध 12.

त्यानंतर जुलै 2002 मध्ये 16,608 निरोगी महिलांवरची चाचणी मध्येच थांबवावी लागली. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, गुठळ्या हे सगळं हार्मोनच्या गटात वाढलं होतं, आणि हृदयरोगही दहा हजार महिलांमागे वर्षाला 30 ऐवजी 37 झाला होता. एका बाईपुरता हा फरक छोटा आहे. पण गोळी दिली जात होती ती हृदय वाचवायला! (यापूर्वी, 1966 मध्ये सुरू झालेल्या एका चाचणीत अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांना इस्ट्रोजेन दिलं होतं. जास्त डोसच्या गटात अटॅक वाढले आणि शेवटी दोन्ही डोस बंद करावे लागले. तेव्हाच कुणी कान टवकारायला हवे होते.)

असं का झालं असेल? पोटातून घेतलेली गोळी आधी यकृतात जाते. तिथे ती रक्तातलं एलडीएल ओढून घेण्याची यकृताची ताकद वाढवते, म्हणून रिपोर्ट सुधारतो. पण तेच यकृत रक्त गोठवणारे घटकही जास्त बनवू लागतं आणि ट्रायग्लिसराइड्स वाढवतं. आता रक्तवाहिनीकडे बघा. बहुतेक हार्ट अटॅक वाहिनी हळूहळू बुजून येत नाहीत. आतल्या भिंतीवरचा चरबीचा थर फुटतो, त्यावर गुठळी जमते आणि रक्त अडतं. एका हाताने चरबी कमी करणारी गोळी दुसऱ्या हाताने गुठळीला मदत करत असेल, तर लिपिड प्रोफाइलला ते दिसणार कसं?

थांबा, यावरून 'कोलेस्टेरॉल हे थोतांड आहे' असा फॉरवर्ड पाठवू नका! 1994 मध्ये 4,444 हृदयरुग्णांवरच्या चाचणीत सिम्व्हास्टॅटिनने एलडीएल कमी केलं आणि मृत्यूही सुमारे 30 टक्क्यांनी घटले. त्यामुळे डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिनची गोळी मनाने बंद करणं धोक्याचं आहे. एलडीएल कमी होणं चांगलंच, पण ते कोणत्या औषधाने कमी झालं आणि त्या औषधाने आणखी काय केलं, हेही बघावं लागतं. टॉर्सेट्रॅपिब या औषधाने तर एचडीएल प्रचंड वाढवलं होतं. मृत्यू वाढलेले दिसल्यावर डिसेंबर 2006 मध्ये तेही गुंडाळावं लागलं.

हार्मोनची गोष्टही 2002 ला संपली नाही. त्या चाचणीतल्या महिलांचं सरासरी वय 63 होतं, म्हणजे अनेकींच्या वाहिन्यांत चरबीचे थर आधीच तयार असणार. निरोगी वाहिनीला इस्ट्रोजेन सैल आणि लवचीक ठेवायला मदत करतं, जुन्या थरांवर मात्र त्याचा परिणाम वेगळा होऊ शकतो. 2016 च्या एका चाचणीत पाळी जाऊन सहा वर्षं व्हायच्या आत हार्मोन सुरू केलेल्या महिलांच्या मानेतल्या रक्तवाहिनीची भिंत कमी वेगाने जाड झाली. दहा वर्षांनंतर सुरू करणाऱ्यांना हा फायदा दिसला नाही. पण भिंतीची जाडी हादेखील एक आकडाच आहे, अटॅक नव्हे.

बॅरेट-कॉनर 2019 मध्ये वयाच्या 84 व्या वर्षी गेल्या. आज हार्मोन उपचार दिले जातात ते अंगातून गरम वाफा येणं, रात्री घामाने झोपमोड होणं अशा त्रासांसाठी, आणि तेही वय, रक्तदाब, गुठळ्यांचा किंवा स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास विचारून. त्वचेवर लावायचा इस्ट्रोजेनचा पॅच यकृताला वळसा घालून रक्तात जातो, त्यामुळे गुठळ्यांची भीती असलेल्या महिलांसाठी डॉक्टर अनेकदा गोळीऐवजी त्याचा विचार करतात.