दादाच्या हातात गाडीची चावी: अल्पवयीन चालक, लर्निंग लायसन्स आणि आपण पालक



प्राथमिकच्या बाई लायसन्सवर कशाला लिहितायत, असं वाटेल तुम्हाला. पण आपल्या वागळे इस्टेटमध्ये शाळा भरायच्या वेळी गेटपाशी दहा मिनिटं उभं राहून बघा. तिसरी-चौथीच्या लेकरांना सोडायला आई येते, आजी येते, रिक्षावाले काका येतात, आणि नववी-दहावीतला दादाही येतो. ॲक्टिव्हावर. पुढे दप्तर, मागे धाकटी बहीण, हेल्मेट कुणालाच नाही. बाबा पहिल्या शिफ्टला गेलेले, आईचीही कामावर जायची घाई, म्हणून चावी दादाकडे. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, हे मला मान्य आहे. मात्र चावी देताना आपण नेमकं काय पणाला लावतो हे फार थोड्या घरांत माहीत असतं. बहुतेकांचा हिशोब एवढाच असतो की पकडलं तर पाचशे-हजाराची पावती फाटेल.

आधी वयाचा एक गैरसमज काढून टाकू. "सोळाव्या वर्षी बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स मिळतं" हे वाक्य पालकसभेत हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 4 प्रमाणे 16 वर्षं पूर्ण झालेल्याला चालवता येते ती 50 सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी. लुना आणि टीव्हीएस 50 रस्त्यावर होत्या त्या काळाला शोभणारा हा नियम आहे. आज आपल्या दारात उभ्या असलेल्या स्कूटर 110 नाहीतर 125 सीसीच्या असतात. गिअर नाही म्हणून ती 50 सीसीची होत नाही. घरातलं आरसी बुक किंवा स्मार्ट कार्ड काढा, त्यावर सीसीचा आकडा असतो. तो 50 च्या वर असेल तर 18 वर्षं पूर्ण होईपर्यंत त्या गाडीसाठी लर्निंगसुद्धा मिळत नाही.

रिक्षा आणि टेम्पोचं तर आणखी वेगळं. ती व्यावसायिक वाहनं, त्यांना किमान वय 20. किसननगर, लोकमान्यनगरच्या गल्ल्यांत रात्री बाबांची रिक्षा "जरा लावून येतो" म्हणून फिरवणारी पोरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. अठरा झालेल्या मुलालाही ती चालवायची परवानगी नाही.

आता मुख्य गोष्ट. 2019 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम 199-अ आलं. अल्पवयीन मुलाने वाहतुकीचा गुन्हा केला, तर त्याचे पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. त्या गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाची 25 वर्षं पूर्ण होईपर्यंत लर्निंगही नाही, पक्कं लायसन्सही नाही. "आम्हाला न विचारता नेली हो" असं म्हणून सुटता येईल का? कायदा असं गृहीत धरतो की गाडी तुमच्या संमतीनेच नेली होती. तसं नव्हतं, किंवा ते होऊ नये म्हणून तुम्ही पुरेशी काळजी घेतली होती, हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. चावी टीव्हीशेजारच्या खिळ्याला लटकलेली असेल तर काळजी घेतल्याचं कोर्टाला कसं पटवणार, याचा विचार करा.

मला या सगळ्यात दंडापेक्षा शेवटची दोन कलमं जास्त टोचतात. ज्या घराची चूल रिक्षावर चालते, तिथे नोंदणी वर्षभर रद्द होणं म्हणजे वर्षभर धंदा बंद, कर्जाचे हप्ते मात्र चालू. आणि 25 वर्षांची अट तर मुलाच्या पुढच्या आयुष्यावर येते. आपल्या भागातल्या किती मुलांची पहिली कमाई गाडीवरच होते बघा: पार्सल पोचवणं, जेवणाची डिलिव्हरी, कुरिअर, कंपनीचा टेम्पो, रिक्षाचा बॅज. आयटीआय करून सर्व्हिसिंगच्या कामाला लागलेल्या मुलालाही मालक पहिल्यांदा विचारतो, "लायसन्स आहे का?" सोळाव्या वर्षी सापडलेल्या मुलाला या प्रश्नाचं "हो" असं उत्तर द्यायला नऊ वर्षं थांबावं लागेल. श्रीमंताघरचं मूल ही नऊ वर्षं ड्रायव्हर ठेवून काढील, आपल्या वर्गातलं मूल काय करील?

पुण्याचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये 17 वर्षांच्या मुलाच्या महागड्या मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. दोघंही गेले. बाल न्याय मंडळाने जामीन देताना घातलेल्या अटींमध्ये अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहिणं ही एक अट होती, आणि त्यावर देशभर संताप उसळला. मी स्वतः वर्गात निबंध लिहून घेते, त्यामुळे सांगते, निबंधाचं काम ते नव्हेच. पण त्या गदारोळात काही गोष्टी मागे पडल्या. त्या मुलाला 25 वर्षं वयापर्यंत लायसन्स मिळणार नाही, असं परिवहन विभागाने तेव्हाच जाहीर केलं. वडिलांनाही अटक झाली. म्हणजे ज्या कलमांबद्दल आपण बोलतोय ती नुसती पुस्तकात पडून नाहीत.

विम्याबद्दल थोडं समजून घ्या, कारण खरा मोठा फटका तिथे आहे. लायसन्स नसलेल्या मुलाकडून कुणाला धडक बसली, तर जखमीच्या किंवा मृताच्या घरच्यांना भरपाई द्यायला कोर्ट बऱ्याचदा विमा कंपनीला सांगतं, आणि नंतर ती सगळी रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा कंपनीला देतं. भरपाई लाखांत असते. भाड्याच्या खोलीत राहणारं कुटुंब ती कुठून आणणार? स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तर अशा वेळी नाकारलाच जातो, असं धरून चाला. मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही लायसन्स असलेल्या मालकासाठी असतो, गाडी घेऊन गेलेल्या मुलासाठी नाही.

मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली की पुढचा टप्पा लर्निंगचा. हल्ली ते घरबसल्या ऑनलाइन निघतं, आणि बहुधा म्हणूनच मुलांना वाटतं की झालं, मिळालं लायसन्स. लर्निंग ही अटींवर दिलेली परवानगी आहे. मुदत सहा महिने. पक्क्या लायसन्सची चाचणी 30 दिवसांनंतर. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल रंगात इंग्रजी 'एल' हवा. सोबत पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवी, आणि दुचाकीवर मागे बसणारी व्यक्ती शिकवणारीच असायला हवी. मैत्रीण नाही, धाकटा भाऊ नाही. या अटी मोडून एकट्याने गाडी काढली, तर लर्निंग खिशात असूनही ते विनालायसन्स चालवणंच ठरतं: 5,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तिघं बसले किंवा हेल्मेट नसलं तर दंडाबरोबर तीन महिने लायसन्ससाठी अपात्र ठरवण्याची तरतूद कायद्यात आहे. बरं, ई-चलानचा मेसेज जातो गाडीमालकाच्या मोबाईलवर. मुलाने सिग्नल तोडल्याचं बाबांना कामावर असताना कळतं. अशा वेळी घरी येऊन नुसतं पट्ट्याने सोलून काढण्यापेक्षा चलानवरचा फोटो त्याच्यासोबत बघावा, कुठे आणि का घडलं ते विचारावं. ओरडायला नंतर वेळ असतोच.

एक आकडा सांगते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यातली 9,528 अठरा वर्षांखालची. यात पायी चालणारी, मागे बसलेली मुलंही आली. दादाच्या मागे बसलेली ती धाकटीसुद्धा याच मोजणीत येते. आणि आपला रस्ता कसला, कंपन्यांचे कंटेनर, टेम्पो, शिफ्ट सुटल्यावरची गर्दी, तीन हात नाक्याकडे मेट्रोच्या कामाचे पत्रे. सराईत माणूसही तिथे दबकत चालवतो.

वर्गात मी चौथीला हा विषय तीन तासिकांत घेते. पहिल्या दिवशी मुलं घरच्या गाडीचा सीसीचा आकडा मोठ्यांना विचारून आणतात. दुसऱ्या दिवशी फळ्यावर वजाबाकी: 25 वजा 16, 25 वजा 14. उत्तर आलं की विचारायचं, "एवढ्या वर्षांत तुम्ही कितवीत असाल?" चौथीतलं मूल नऊ मिळवतं आणि तेरावी म्हणतं, मग वर्ग हसतो, पण आकडा लक्षात राहतो. तिसऱ्या दिवशी कार्डशीटवर लाल 'एल' कापून त्याच्या अटी मागे लिहायच्या आणि ते घरी न्यायचं. पालकसभेत मी हेच तीन प्रश्न पालकांना विचारते. सीसीच्या प्रश्नावर बरेच जण अडखळतात.

पालकांसाठी आणखी एक. मूल अठराचं झालं, लर्निंग निघालं, तर पहिला महिना तुम्ही किंवा घरातलं लायसन्स असलेलं कुणीतरी मागे बसा. कंपन्यांना सुट्टी असते त्या दिवशी सकाळी इस्टेटमधले आतले रस्ते बऱ्यापैकी मोकळे असतात, तिथून सुरुवात करा. हायवेचा सर्व्हिस रोड, चेकनाका, तीन हात नाका हे सगळ्यात शेवटी. आणि तोवर शाळेत सोडायचं काय? शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून एक रिक्षा ठरवा, नाहीतर पाळी लावून एकेका आईने चौघांना चालत आणा. आमच्या शाळेतल्या काही पालकांनी तसा गट केलाय. सकाळी वीस मिनिटं लवकर निघावं लागतं, तेवढीच अडचण.