गेलेले रक्त मोजायचे कसे?

आरमोरीसारख्या तालुक्याच्या गावी बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला, की रक्त किती गेले हा प्रश्न लगेच पुढे येतो. थांबायचे, रक्त मागवायचे, की बाईला गडचिरोलीला हलवायचे, हे त्याच्या उत्तरावर ठरते. चंद्रपूर-गडचिरोली भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच असल्याने रक्ताची गरज एरवीही असतेच. आणि हे उत्तर बहुधा नुसत्या नजरेने दिले जाते! नजर कशी फसते, हे समजायला मोठ्या शहरांतील एका शस्त्रक्रियेकडे वळू या.

त्वचेखालची चरबी नळीने ओढून काढणे म्हणजे लायपोसक्शन. त्याच्या अल्ट्रासाउंड पद्धतीत धातूची सळई सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा कंप पावते. त्यामुळे द्रवात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन फुटतात, चरबीच्या पेशी सुट्या होतात व त्यांचे पातळ मिश्रण ओढून घेतले जाते. बाटलीत जमते ते लालसर पाणी. पाहणाऱ्याला वाटते, बाटलीभर रक्तच गेले.

जुन्या ‘कोरड्या’ पद्धतीत ही भीती रास्त होती, कारण ओढलेल्या ऐवजात २० ते ४५ टक्के रक्त असे. १९८७ साली क्लाइन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने आधी त्वचेखाली भरपूर सलाइन सोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यात बधिर करणारे लिडोकेन असते आणि लिटरमागे साधारण १ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन. ॲड्रेनलिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्ताचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. अल्ट्रासाउंडच्या पद्धतीतही हाच द्रव आधी सोडतात. तेव्हा रक्त वाचवण्याचे श्रेय ध्वनिलहरींपेक्षा या द्रवालाच अधिक द्यावे, असे मला वाटते.

बाटली स्थिर ठेवली, की चरबी वर तरंगते व पाणी खाली राहते. त्या पाण्यातले रक्त मोजण्याचा एक मार्ग म्हणजे नमुना यंत्रात गरगर फिरवून तळाशी बसलेल्या तांबड्या पेशींचा थर मोजणे. पण ध्वनिलहरींनी काही पेशी फुटू शकतात. फुटलेली पेशी तळाशी बसत नाही, म्हणून आकडा कमी येतो. पेशी फुटली तरी तिच्यातील हिमोग्लोबिन पाण्यातच राहते. मोजायचे ते हेच.

समजा, खालचे पाणी १ लिटर आहे आणि दर १०० मिलिलिटरमध्ये ०.५ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे. म्हणजे एकूण ५ ग्रॅम. रुग्णाच्या १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅम हिमोग्लोबिन असेल, तर गेलेले रक्त ५ भागिले १२ गुणिले १००, म्हणजे सुमारे ४२ मिलिलिटर. पाव कपसुद्धा नाही!

बाळंतपणात चूक उलट्या दिशेने होते. रक्त कापडात, कापसात, चादरीत मुरते आणि कमी दिसते. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी व त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी बाळंतिणीच्या अंगाखाली पसरायचे प्लास्टिकचे आवरण वापरले. त्याला मापाच्या खुणा असलेली पिशवी जोडलेली होती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नजरेचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा सुमारे ३३ टक्के कमी भरला.

आता वरचाच हिशेब पंडुरोग असलेल्या बाईला लावू. अंगात साडेतीन लिटर रक्त धरू (गरोदरपणात ते वाढते, पण हिशेबाला एवढे पुरे). हिमोग्लोबिन १२ असेल, तर अंगात ते एकूण ४२० ग्रॅम. ७ असेल, तर अवघे २४५. फरक १७५ ग्रॅमचा. चांगल्या रक्ताच्या हिशेबात हे जवळजवळ दीड लिटर झाले. कळा सुरू होण्याआधीच तिचे जणू एवढे रक्त गेलेले असते. अशा बाईच्या बाबतीत एक-तृतीयांशाची चूक परवडणारी नाही.

वर्गात करून पाहायला लाल शाई पुरे. अर्ध्या लिटर पाण्यात ५ मिलिलिटर शाई घालावी. दुसरीकडे जुन्या सुती कापडाचे आधी वजन करून त्यावर ५० मिलिलिटर ओतावी. कोणी किती घातली हे न सांगता विद्यार्थ्यांना दोन्हींचे अंदाज लिहायला लावावेत. मग ओले कापड पुन्हा तोलावे. वाढलेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर.