शेतात सापडलेलं हिरवं-काळं नाणं चिंचेनं घासू नका; आधी त्याचा रंग ओळखा

सातारा/सांगली : नांगरटीत, विहिरीच्या खोदकामात किंवा जुन्या घराची भिंत पाडताना एखादं जुनं नाणं हाताला लागतं. कधी काळंकुट्ट, कधी हिरवंगार, कधी निळसर. मग घरात कुणीतरी चिंच-मीठ घेऊन बसतं, तर कुणी फोटो काढून ग्रुपवर टाकतं. या दोन्ही गोष्टींत नुकसान होऊ शकतं.

नाणं कोणतं?
आपल्याकडचं ओळखीचं नाणं म्हणजे तांब्याची शिवराई. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’. इंग्रजांचा पाव आणा, म्हणजे एक पैसा, 1906 पासून तांब्याऐवजी कांस्याचा झाला. तांब्यात थोडं कथील आणि जस्त मिसळलं की हे कांस्य होतं. 1943 ते 1947 दरम्यानचा भोकाचा पैसाही कांस्याचाच.

रंग कशामुळे येतो?
तांब्याचा हवेशी संबंध आला की आधी तपकिरी-लालसर थर धरतो. चुलीचा धूर किंवा गंधक लागलं की तो काळा पडतो. ओल्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहिलं की हिरवा, क्वचित निळा थर चढतो. चामड्याच्या जुन्या कशात ठेवलेल्या नाण्यावरही हिरवट थर येतो, कारण चामड्यातल्या तेल-चरबीचा तांब्यावर परिणाम होतो.

हा थर लोखंडाच्या गंजासारखा नसतो. लोखंडाचा गंज आत खात जातो. तांब्यावरचा घट्ट, गुळगुळीत थर मात्र खालच्या धातूला झाकून धरतो. पुष्कळदा मूळ अक्षरं आता या थरातच उरलेली असतात. चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर लावली की थरासोबत अक्षरंही जातात. उरते गुलाबी, खडबडीत चकती. जाणकार संग्राहक अशा नाण्याला फारशी किंमत देत नाहीत.

हा हिरवा रंग मात्र धोक्याचा
फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली तर सावध व्हा. काडीनं हलकेच लावून पाहिलं की ती सुटते आणि खाली खड्डा दिसतो. पुसली तरी पावसाळी हवेत परत येते. याला ‘कांस्यरोग’ म्हणतात. तांब्याच्या नाण्यालाही तो होतो. मातीतलं क्लोराईड, म्हणजे मिठातला क्षार, नाण्यात शिरतो आणि दमट हवेत धातू पोखरत राहतो.

मिरज, पलूस, वाळवा भागातल्या क्षारपड रानात सापडलेल्या नाण्याकडे म्हणूनच जास्त लक्ष द्यावं. माण, खटाव, जतच्या कोरड्या माळावरचं तसंच नाणं चांगलं टिकलेलं असू शकतं.

असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं करा. पाण्यानं धुऊ नका. कोरड्या डबीत, नव्या बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. मऊ प्लॅस्टिकचे पीव्हीसी अल्बम टाळा, त्यानंही नाण्यावर चिकट हिरवा थर येतो.

‘दुर्मिळ रंग, लाखोंची किंमत’?
नुसत्या रंगानं नाणं लाखमोलाचं होत नाही. उलट, नव्या नकली नाण्यावर रसायनानं हिरवा-काळा रंग चढवतात. तो सगळीकडे एकसारखा दिसतो. खरोखर वापरलेल्या नाण्यावर उठावाचा भाग झिजून उजळ होतो आणि खोलगट भागात थर गडद राहतो.

जुन्या नाण्याला मोठी रक्कम देतो म्हणून आधी ‘कमिशन’ किंवा ‘टॅक्स’ मागणारा फोन आला तर पैसे पाठवू नका. रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्येच जाहीर केलं आहे की अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही आणि ती त्यासाठी शुल्क मागत नाही.

पुरलेला ठेवा निघाला तर
जमिनीत पुरलेला, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कळवलं नाही तर सापडणाऱ्याला मिळू शकणारा वाटाही जातो, शिवाय शिक्षा होऊ शकते.

नाणी सापडली त्याच अवस्थेत कागदी पाकिटात ठेवा. पाकिटावर तारीख, गट नंबर आणि किती फुटांवर सापडली ते लिहा. पुढे तपासणी झाली तर ही माहिती नाण्याइतकीच कामाला येते.