फुटाला पाव इंच

डोंबिवलीतल्या एका जुन्या इमारतीत न्हाणीघराचं काम घेतलेला मिस्त्री, काम उक्तं असूनही, दोन दिवस नुसतं पाणी भरून थांबणार असल्याचं कळलं, म्हणून मी ते बघायला गेले. उक्त्या कामात रिकामा गेलेला दिवस मिस्त्रीच्याच अंगावर पडतो.

न्हाणीघर चार बाय सहा. खालच्या घरात छताला ओल आली, तेव्हा घरमालकीण काकूंनी काम काढलं. पैसे मोजके, म्हणून कमोड आहे तिथेच, टाइल्स मोरबीच्या, साध्या आणि दरवाज्याच्या उंचीपर्यंतच, वर रंग. फोडाफोड उरकली होती, गंजलेल्या लोखंडी पाइपांच्या जागी सीपीव्हीसीचे आले होते.

ओल्या सिमेंटच्या वासात मिस्त्री उकिडवा बसून ढाळ काढत होता. "फुटाला पाव इंच, ताई." दरवाज्यापासून न्हाणी ट्रॅपपर्यंत सहा फूट, म्हणजे दीड इंच. टाइल्स लावताना ढाळ देता येणार नाही का, असं मी विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. टाइल्सच्या सांध्यांतून पाणी झिरपतंच. खालच्या थरालाही ढाळ असेल तर ते ट्रॅपकडे जातं, नसेल तर स्लॅबमध्ये मुरतं. "लोक टाइल बघतात, पाणी ढाळ बघतं."

मग भिंत आणि जमीन मिळते तिथे त्याने पाइपच्या तुकड्याने वाटा मारला, म्हणजे कोपरा गोलसर केला. चिरा पडतात त्या याच कोपऱ्यात. वाट्यावरून तो पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत होता. कुठे खरखर लागली की परत माल, परत अंगठा. टाइल्स बसल्यावर हा वाटा कुणालाच दिसणार नाही.

वॉटरप्रूफिंगचे दोन हात झाले, दुसरा पहिल्याला आडवा. ते वाळल्यावर ट्रॅप बंद करून चार बोटं पाणी भरलं आणि भिंतीवर पेन्सिलीची खूण केली. दोन दिवसांनी काकू आणि मिस्त्री खालच्या घरी गेले. छत कोरडं होतं. मगच टाइल्सची खोकी उघडली, आणि त्याही बसल्या फुटाला पाव इंच धरूनच.

कमी पैशांत काम करायचं तर काटछाट टाइल्समध्ये करावी, नळांमध्ये करावी. ढाळ, वाटा आणि पाणी भरून थांबणं यांना हात लावू नये. आणि त्या थांबण्याचे पैसे उक्त्या रकमेत आधीच वेगळे धरावेत. चांगल्या कामाची किंमत मिस्त्रीने आपल्या रोजातून का मोजावी?