घड्याळाशेजारचा मेन्यू: खिडकी बंद, प्रोग्राम चालू

मंडळी, पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी जी चिमुकली चित्रं दिसतात, ती जागा विंडोज ९५ पासूनची. मायक्रोसॉफ्ट तिला 'नोटिफिकेशन एरिया' म्हणतं, लोक म्हणतात सिस्टिम ट्रे. आपणही ट्रेच म्हणू.

उदाहरण जिल्ह्यातलंच घेऊ. समजा, लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याकडे हिशोबपट्ट्या करणारा प्रोग्राम आहे. लिलाव आटोपला, दिवाणजींनी फुली दाबली. खिडकी गेली, पण पट्ट्या मुख्य पेढीवर पाठवणं आत चालूच आहे. हे त्यांना कळलं नाही, तर ते कॉम्प्युटर बंद करून घरी जाणार. अर्ध्या पट्ट्या इथेच राहणार आणि पैसे घ्यायला आलेला शेतकरी ताटकळणार. ट्रेमधला मेन्यू हवा तो यासाठी, शोभेसाठी नव्हे.

आपण पायथॉन आणि क्यूटी वापरतो आहोत. शेवटची खिडकी बंद झाली की अ‍ॅप संपवायचं, ही क्यूटीची मूळ सवय. ती आधी मोडावी लागते. मग चित्र, मेन्यू, मेन्यूतल्या ओळी. इथे बरेच जण अडकतात: चित्र आणि मेन्यू एखाद्या फंक्शनच्या आतच तयार करून सोडून दिले, तर फंक्शन संपताच पायथॉन ते झाडून टाकतो. चित्र क्षणभर दिसतं नि गायब! दोन्ही वस्तू अ‍ॅप असेपर्यंत धरून ठेवायच्या. ट्रेचं चित्र मेन्यूची मालकी स्वतःकडे घेत नाही, म्हणून मेन्यूही वेगळा धरायचा.

आता तीन घरच्या तीन तऱ्हा. विंडोज ११ नवं चित्र बहुधा बाणाखाली लपवतं. मॅकवर ते वरच्या पट्टीत जातं आणि मेन्यू लावलेला असेल तर माऊस दाबताच तो उघडतो, डबल क्लिक अ‍ॅपपर्यंत येतच नाही. तेव्हा 'खिडकी दाखवा' ही ओळ मेन्यूत हवीच. लिनक्सवर मात्र खरी पंचाईत. ग्नोमने २०१७ साली ३.२६ आवृत्तीत जुना ट्रे काढून टाकला. उबुंटूत एक्स्टेन्शन आधीपासून बसवलेलं असतं, इतरत्र असेलच असं नाही. म्हणजे फुली दाबून खिडकी लपवली आणि ट्रेच नसला, तर ती परत आणायची कुठून? दिवाणजी प्रोग्राम दुसऱ्यांदा उघडतात, मग दोन प्रती चालतात आणि एकच पट्टी दोनदा जाऊ शकते. ट्रे आहे का, हे क्यूटीला विचारता येतं. नसेल तर खिडकी लपवू नका, खाली मिनिमाइझ करा.

राहिला शब्दांचा प्रश्न. 'बंद करा' लिहिलं तर खिडकी की प्रोग्राम? (आपल्याकडे 'बंद' म्हटलं की आधी लिलावच आठवतो, ते सोडा.) आम्ही सरळ 'प्रोग्राम थांबवा' लिहितो, आणि पाठवणं चालू असेल तर त्याच्या वर एक ओळ: '१२ पट्ट्या बाकी'. त्या वेळी कुणी 'थांबवा' दाबलं, तर अ‍ॅपने आधी विचारायचं, मगच थांबायचं.